तू त्याला हात लावू नकोस!

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं २००३ साली. शहाडच्या आमच्या दीड खोलीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा. त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं मी, रोज धूळ पुसायचे मी, आणि 'तू त्याला हात लावू नकोस, काहीतरी बिघडेल' हे सांगितलं गेलं तेही मलाच! २००५ च्या २६ जुलैला पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्या ह्यांनी आधी सीपीयू माळ्यावर टाकला आणि मग गव्हाची कोठी उचलली. एवढा त्या पेटीचा मान.

पुढे मी एमएस-सीआयटी केलं, श्री-लिपीवर मराठी टायपिंग शिकले आणि हळूहळू घरबसल्या कामं घ्यायला लागले. लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल, कुणाचा प्रबंध, कुणाचा तहसीलदारांना अर्ज. वीस वर्षं झाली. घरातला किराणा आणि लेकीच्या क्लासची फी बरीचशी ह्याच पेटीतून निघाली. पण ती पेटी उघडायची वेळ आली की स्क्रू ड्रायव्हर कधी ह्यांच्या हातात, कधी भाच्याच्या, नाहीतर दुकानातल्या मुलाच्या. मी आपली चहा घेऊन शेजारी उभी.

परवा मात्र गोष्ट अशी घडली की उभं राहून भागलं नाही.

आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याची पुस्तिका माझ्याकडे होती. दोनशेच्या वर मुलामुलींची माहिती. फोटो, जन्मतारीख, जन्मवेळ, पगार, घरचा पत्ता, वडिलांचा मोबाइल नंबर. बायका विश्वासाने आणून देतात हो ही माहिती. 'तुमच्याकडेच असू दे बरं का ताई' असं बजावून. आणि माझा कॉम्प्युटर, २०११ साली जोडून घेतलेला, इतका म्हातारा झालेला की बटण दाबून मी कुकर लावायचे, तीन शिट्ट्या झाल्या तरी स्क्रीनवर गोल फिरतच असायचं. भाचा म्हणाला, "मामी, नवीन कशाला घेताय? एसएसडी टाका. पळायला लागेल."

एसएसडी म्हणजे काय ते आधी सांगते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. जुन्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच चकत्या असतात, आणि त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा गरागरा फिरत असतात. त्यांच्यावरून एक बारीक दांडी सरकत माहिती शोधते. ग्रामोफोनची आठवण यावी असाच प्रकार. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. सगळं चिपमध्ये, आपल्या पेनड्राइव्हसारखं. ह्या प्रकारची मेमरी तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका ह्यांनी १९८४ साली जगासमोर मांडली. त्यातून घडलेली वस्तू आज आपल्याकडे पत्त्यांच्या कॅटएवढ्या डबीत मिळते. तिला शोधायला फिरावं लागत नाही, म्हणून ती झटपट. जुन्या कॉम्प्युटरवर खर्च करायचा एकच ठरवला तर तो हाच करावा, असं आता मी कुणालाही सांगेन.

तर मी २४० जीबीची एसएसडी घेतली आणि रिक्षाने सीपीयू उल्हासनगरच्या एका दुकानात नेला. मुलाने दोन तास बसून जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवलं, टेबलावरच चालू करून दाखवलं. खरंच पळत होता! मी खूश. त्याने जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली, झाकण लावलं, मी पैसे दिले आणि निघाले.

घरी आले. वायरी जोडल्या. बटण दाबलं. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ. रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस. म्हणजे, ज्याच्यावरून सुरुवात करायची ते मला सापडत नाहीये, नीट काहीतरी दाखवा. पुन्हा बटण. पुन्हा तेच. दुकानात फोन केला तर पलीकडून उत्तर तयारच होतं. "मॅडम, तुमचा मदरबोर्ड जुना झालाय. नवीन एसएसडी उचलत नाही. आता नवीन सेटच घ्या, पंचवीसेक हजारात बसवून देतो."

मी म्हटलं, "अहो, पण तुमच्याकडे तर चालू झाला होता!"

"तेव्हा झाला असेल. जुन्या मशीनचं काय सांगता येतं?"

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून म्हटलं, "राहू दे. तू आता त्याला हात लावू नकोस. रविवारी बघू."

रविवारी! मंगळवारी पुस्तिका छापायला जायची होती.

पण रात्री मला जाग आली ती छपाईच्या काळजीने नाही. अंथरुणात एकदम लख्ख आठवलं, जुनी डिस्क दुकानातच राहिली. त्याने बाजूला ठेवली आणि मी मागितलीच नाही. त्या डिस्कवर दोनशे घरांच्या पोरींचे फोटो आणि पत्ते. आमची आधार कार्डं, बँकेची पासबुकं स्कॅन केलेली, लेकीचे लहानपणापासूनचे फोटो. आपण जुनी साडी बोहारणीला देताना पदराची गाठ तपासतो, आणि हे सगळं मी कुणाच्या तरी काउंटरवर ठेवून आले होते. पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही.

दुकान उघडायच्या आधी मी शटरसमोर उभी. मुलगा आला, म्हणाला, "ती होय? कशाला हवी? आम्ही अशा भंगारात देतो." एका खोक्यात आठदहा डिस्का पडलेल्या होत्या. माझी मी ओळखली, कारण तिच्यावर कधीतरी चिकटवलेलं लेकीचं फुलपाखराचं स्टिकर होतं. बाकीच्या कुणाच्या, देव जाणे. त्या मुलाच्या मनात काही वाईट होतं असं मी अजिबात म्हणणार नाही. त्याला ती फक्त एक बिनकामाची पत्र्याची डबी दिसत होती. पण कुणी 'फॉरमॅट करून टाकतो' म्हणालं तरी समाधान मानू नका. झटपट फॉरमॅटमध्ये फार तर अनुक्रमणिकेचं पान फाडलं जातं. पुस्तक तसंच असतं, आणि माहितगाराला ते वाचता येतं.

डिस्क पर्समध्ये घालून घरी आले. हे कामावर, लेक कॉलेजात. मी सीपीयूचा प्लग काढला, पेटी आडवी केली आणि बाजूचे दोन स्क्रू काढले.

खरं सांगते, हात थरथरत होता. आणि आत बघितल्यावर हसू आलं. एवढंच? एक मोठा हिरवा पत्रा, त्यावर पंखा, कोपऱ्यात वीज देणारा बंद डबा आणि चार वायरी. तो बंद डबा मात्र कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. बाकीच्याला हात लावण्याआधी पेटीच्या पत्र्याला एकदा स्पर्श करायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. एसएसडीला दोनच वायरी असतात, एक रुंद विजेची आणि एक अरुंद माहितीची. दोन्हींची तोंडं एल आकाराची, त्यामुळे उलटी बसायची भीतीच नाही. त्या काढून पुन्हा घट्ट बसवल्या. मिक्सर चालेना तर आपण आधी काय बघतो? प्लग नीट आहे का, भांडं खाचेत बसलंय का, खालचं लाल बटण उडालंय का. लगेच मोटार जळाली म्हणतो का? एकेक कारण बाजूला करत जायचं, हे आपण रोज करतो. फक्त त्याला कुणी ट्रबलशूटिंग म्हणत नाही इतकंच.

वायरींनी फरक पडला नाही. मग भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याची ऑफिसची वेळ, पण बिचाऱ्याने दहा मिनिटं दिली. म्हणाला, "मामी, चालू करताना डिलीट बटण दाबत राहा." दाबलं. एक निळा-करडा पडदा आला. ह्याला बायोस म्हणतात. विंडोज उठायच्या आधी जागी होणारी ही घरातली म्हातारी माणसं समजा. कुठला सामान कुठे आहे ते ह्यांना विचारायचं. तिथे मला दोन गोष्टी दिसल्या.

एक, एसएसडीचं नाव यादीत स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणजे मदरबोर्डला ती दिसत होती! 'उचलत नाही' हे दुकानदाराचं निदान तिथेच खोटं पडलं. नाव दिसलं नसतं तर वायर, जागा किंवा एसएसडीच खराब, असा संशय घेता आला असता. पंचवीस हजारांचा निकाल ह्या एका ओळीत होता आणि ती वाचायला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे, तारीख १ जानेवारी २०११ दाखवत होती. आत एक रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. आपल्या वजनकाट्यातही कधीकधी तोच असतो. प्लग काढला तरी तारीख आणि कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम लक्षात ठेवायचं काम त्याच्यावर. तो मेला की पेटी सगळं विसरते. दुकानातून घरी येताना माझी पेटीही विसरली होती. नाक्यावरच्या घड्याळवाल्याकडे तीस रुपयांत सेल मिळाला. बसवला, तारीख लावली, क्रमात एसएसडी पहिली केली, ऐटीत बटण दाबलं आणि... तीच पांढरी ओळ.

इथे मी हरले असते. एक दोष सापडला की आपल्याला वाटतं, झालं, हाच. पण तापाबरोबर खोकलाही असू शकतो ना! चहा केला, आणि चहा पिता पिता आठवलं की दुकानात टेबलावर चालू झाला तेव्हा जुनी डिस्कही जोडलेली होती. दोन्ही होत्या म्हणून चालला. जुनी काढली आणि बंद पडला.

आता जुनी डिस्क माझ्याकडे होती (रात्रीच्या घाबरण्याचा हा फायदा). तिला लावायला वायर नव्हती, म्हणून वर्षानुवर्षं न वापरलेल्या डीव्हीडी ड्राइव्हच्या वायरी काढून तिला लावल्या. चालू केलं. विंडोज उठलं! बंद करून जुनी काढली. नाही उठलं. पुन्हा लावली, उठलं. तीनदा केलं. मग भाच्याला मेसेज टाकला आणि त्याचं उत्तर आलं, "मामी, जिंकलात. दुकानवाल्याने फक्त सी ड्राइव्ह कॉपी केलाय."

त्याचं असं आहे. आपल्याला डिस्कवर सी, डी एवढेच कप्पे दिसतात. पण विंडोज बसवताना पुढे एक छोटा कप्पा गुपचूप तयार होतो. माझ्यासारख्या जुन्या विंडोज ७ पासून आलेल्या मशीनमध्ये जेमतेम शंभर एमबीचा. विंडोजला उठवायच्या फाइली त्यात. दुकानातल्या मुलाने सगळं घर नव्या जागेत हलवलं, पण दाराची किल्ली जुन्या घराच्या खुंटीवरच राहिली. दोन्ही डिस्का जोडलेल्या असल्या की पेटी किल्ली तिकडून घ्यायची आणि दार इकडचं उघडायची. म्हणून टेबलावर सगळं छान दिसलं.

उपाय? पुन्हा कॉपी करायची, पण ह्या वेळी एकटा सी नाही, पूर्ण डिस्क. लेकीने संध्याकाळी तिच्या लॅपटॉपवरून कॉपीचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणून दिलं. आधी पुस्तिकेच्या सगळ्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर काढल्या. हे विसरू नका, कारण कुठून कुठे उतरवायचं ते विचारताना घाईत उलट निवडलं, तर अर्धवट डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते आणि सगळं पुसलं जातं. मी ५०० कुठली नि २४० कुठली ते दोघींच्या डोळ्यांनी दोनदा वाचून घेतलं. दोन तास लागले. मग कॉम्प्युटर बंद करून, जुनी डिस्क काढून, फक्त नवी ठेवून बटण दाबलं. पहिली सुरुवात अशीच एकटीवर करायची, म्हणजे फसवाफसवी राहत नाही.

विंडोज उठलं. कुकरची पहिली शिट्टीसुद्धा व्हायच्या आत.

सगळ्यांचा दोष हाच निघेल असं नाही हं. नव्या मशीनमध्ये तो गुप्त कप्पा वेगळ्या पद्धतीचा असतो, बायोसच्या जागी यूईएफआय असतं, आणि जुन्या पद्धतीची डिस्क नव्या पद्धतीच्या सेटिंगला चालत नाही. आणखी एक फसगत म्हणजे वेफरच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या एसएसडी. दिसायला सारख्या, पण काही साटा जातीच्या आणि काही एनव्हीएमई. खाच सारखीच दिसली तरी मदरबोर्डला ती जात चालत नसेल तर ती नुसतीच बसून राहते. म्हणून विकत घेण्याआधी मदरबोर्डचं नाव कागदावर लिहून न्या, ब्लाउजपीस मॅचिंगला नेतो तसं. आणि कधीकधी दुकानदाराचं खरंही असतं. मदरबोर्ड खरोखर मेलेले मीही पाहिलेत. पण 'मेला' म्हणण्याआधी नाडी बघितली का, एवढं विचारायचा हक्क आपला आहे की नाही? मुकाट्याने पंचवीस हजार काढून देणाऱ्यांत आपणच जास्त, कारण आत काय आहे ते बघायची आपल्याला कुणी सवयच लावली नाही.

आणि गंमत अशी की ही सवय बायकांना नव्हतीच असंही नाही. लेकीने सांगितलं म्हणून मी वाचलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९४६ च्या फेब्रुवारीत एनिअ‍ॅक नावाचा अवाढव्य कॉम्प्युटर लोकांना दाखवला गेला. त्यात सुमारे अठरा हजार काचेच्या नळ्या होत्या, आपल्या जुन्या रेडिओत असायच्या तशा. त्याला काम शिकवणाऱ्या सहाच्या सहा जणी बायका होत्या. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. सुरुवातीला तर त्यांना त्या यंत्राच्या खोलीत शिरायचीही परवानगी नव्हती. नुसत्या आकृत्यांवरून त्या ते यंत्र शिकल्या, आणि पुढे इतक्या तरबेज झाल्या की बिघाड झाला तर अठरा हजारांतली नेमकी कुठली नळी गेली ते शोधून काढायच्या! पहिला मोठा कार्यक्रम त्यांच्याच कामावर गाजला, पण रात्रीच्या मेजवानीचं आमंत्रण त्यांना नव्हतं. त्यांच्या नावाची मोठी कदर झाली १९९७ साली, पन्नास वर्षांनी. हे वाचून मला आमच्या घरचं क्रोशाचं झाकण आठवलं.

आणखी दोन गोष्टी, राहून जायला नकोत म्हणून. एसएसडी मरताना आवाज करत नाही. जुनी डिस्क खडखडून तरी सांगायची, ही एक दिवस गप्पकन जाते. म्हणून आता शनिवारी रात्री महत्त्वाच्या फाइली बाहेर काढून ठेवायचा नेम केलाय. आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाली. माझ्या २०११ च्या मशीनला रीतसर विंडोज ११ चालत नाही. म्हणून त्याचं इंटरनेटच काढून टाकलंय. टायपिंगला, पत्रिकेला, श्री-लिपीला इंटरनेट लागतंय कुठे? पूर्वीच्या फाँटमधल्या माझ्या वीस वर्षांच्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर मराठीच्या जागी नुसती अगम्य चिन्हं येतात. त्यामुळे नवं मशीन घेऊन माझं भागलंही नसतं, हे त्या दुकानातल्या मुलाला कसं कळावं? माझं काम मला माहीत.

पुस्तिका मंगळवारी गेली. जुनी डिस्क कपाटात, साड्यांच्या खाली आहे. मेळावा झाला की त्यातलं सगळं नीट पुसून मगच तिचं काय ते बघेन. ह्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण शिलाई मशीनच्या खणात एक नवा कोरा स्क्रू ड्रायव्हरचा सेट आला आहे. चुंबकाच्या टोकाचा.

काल खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. मुलाचा लॅपटॉप, नवी एसएसडी टाकल्यापासून चालूच होत नाही म्हणे. "तुम्ही बघता का जरा? ह्यांना नका सांगू, ते म्हणतील हात लावू नको."

मी म्हटलं, "बघू की. जुनी डिस्क कुठंय?"

"ती? ती दुकानातच असेल."

"मग आधी चप्पल घाला वहिनी. दुकान साडेआठला बंद होतं."